एक काउंटी, दोन ग्रंथालयं

सिॲटल : वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीत सार्वजनिक ग्रंथालयाच्या व्यवस्था दोन आहेत आणि दोघींचे संसार वेगळे. सिॲटल शहरापुरतं पाहते ती महापालिकेची. शहराची हद्द संपली की बेलव्ह्यू, रेडमंड, इसाक्वापासून डोंगराच्या पायथ्याच्या वस्त्यांपर्यंत पुस्तकं पुरवते ती १९४२पासूनची ‘किंग काउंटी लायब्ररी सिस्टिम’. मायक्रोसॉफ्टच्या नोकऱ्यांमुळे रेडमंडच्या आसपास स्थिरावलेली मराठी कुटुंबं या दुसरीच्या हद्दीत येतात.

पाहुण्यांना दाखवली जाते ती अर्थात पहिलीची मुख्य इमारत. रेम कूलहास आणि जोशुआ प्रिन्स-रामस यांनी रचलेली, २००४मध्ये खुली झालेली, काचेची आणि पोलादी जाळीची अकरा मजली वास्तू. आत कथेतर पुस्तकं मजल्यामजल्यांवर विभागलेली नाहीत. सलग चढत जाणाऱ्या उतारावर ती वर्गीकरणाच्या क्रमानं लागोपाठ मांडली आहेत.

पण खरी गंमत पैशाची. करवाढ म्हटलं की कपाळाला आठ्या घालणारा इथला मतदार ग्रंथालयासाठी पुन्हा पुन्हा ‘हो’ म्हणत आला आहे. १९९८मध्ये सिॲटलकरांनी १९.६४ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मतपेटीतून मंजुरी दिली. त्यातून ही इमारत उभी राहिली आणि शहरभरच्या शाखांची कामं झाली. मंदीत महापालिकेची तिजोरी आटली, तेव्हा २००९पासून सलग चार वर्षं दरवर्षी एक आठवडा सगळी ग्रंथालयं बंद ठेवावी लागली. २०१२मध्ये मतदारांनी ग्रंथालयासाठी सात वर्षांचा खास मालमत्ता कर स्वीकारला. २०१९मध्ये तो पुन्हा मंजूर झाला आणि पुढच्या जानेवारीपासून पुस्तक उशिरा परत केल्याचा दंडही गेला.

काउंटीच्या संस्थेची गोष्ट निराळी. ती कुठल्याही महापालिकेचं खातं नाही; स्वतःचा कर लावणारा तो स्वतंत्र ग्रंथालय-जिल्हा आहे. कायद्यानं कमाल दर ठरलेला : मालमत्तेच्या दर हजार डॉलर मूल्यामागे ५० सेंट. नव्या बांधकामांतून येणारी भर सोडली, तर वर्षाला एक टक्क्याहून जास्त वसुली वाढवायची असेल तर मतदारांकडेच जावं लागतं. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्यात असा ग्रंथालय-कर नाही. तिथली ग्रंथालयं सरकारी अनुदानावर अवलंबून, त्यामुळे वाढीची मागणी मुंबईला मंत्रालयात न्यावी लागते.

या जिल्ह्यात सामील व्हायचं की नाही, हेही गावंच मतदानानं ठरवतात. सिॲटलला खेटून असलेलं रेंटन २०१०मध्ये निसटत्या बहुमतानं आत आलं. तिथलं ग्रंथालय १९६६ सालचं, सीडर नदीवर पुलासारखं आरपार बांधलेलं. वाचकाच्या पायाखालून नदी वाहते! विलीनीकरणानंतर ते हलवून गावात दुसऱ्या जागी नवं बांधायचा बेत पुढे आला आणि रेंटनकर खवळले. सह्यांची मोहीम निघाली, प्रकरण २०१२मध्ये मतपत्रिकेवर गेलं आणि मतदारांनी मोठ्या बहुमतानं नदीवरचीच जागा निवडली. त्याच जागी नूतनीकरण होऊन २०१५मध्ये ग्रंथालय पुन्हा उघडलं.

हद्दींवर इतका काथ्याकूट होत असला तरी वाचकाची अडवणूक होत नाही. दोन्ही संस्थांचा आपसांत करार आहे : सिॲटलकराला काउंटीकडे आणि काउंटीवाल्याला सिॲटलकडे नाव नोंदवून फुकट पुस्तकं नेता येतात.