जुन्या सांगाड्यांतील नवा लॅपटॉप

वैशाखांत नागपुरास पारा ४५ अंशांपलीकडे जातो. जुना लॅपटॉप खेळासाठीं नव्यानें सजविणाऱ्यास हाच आंकडा आधीं ध्यानांत घ्यावा लागतो. तैवानच्या क्लेव्हो कंपनीच्या कांहीं जुन्या सांगाड्यांत प्रोसेसर खोबणींत बसतो आणि ग्राफिक्स कार्डही एमएक्सएम जोडणीवर निराळें असतें. म्हणून दोन्ही बदलतां येतात. इंटेलच्या २०१३ सालच्या चौथ्या पिढीनंतर लॅपटॉपकरितां घडविलेले प्रोसेसर मदरबोर्डावरच डाख देऊन जडविले जाऊं लागले, आणि ती सोय सरली. रॅम व एसएसडीचें काम अगदींच सोपें. खरी परीक्षा कार्डाची: बायॉसनें तें ओळखलें पाहिजे, शिवाय तें अधिक तापतें. प्रोसेसर १०० अंशांजवळ पोंचला कीं आपला वेग आपणच आवरतो, कार्डही तसेंच करतें. मग खर्च वायां! पंखा तरी खोलींतलीच हवा ओढणार. यास्तव कार्ड घेण्याआधीं धूळ काढून वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी. कूलरचा दमट झोत मात्र यंत्रावर घेऊं नये.