बेसबॉलच्या शिडीवर कोणी उभें राहावें?

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर आमच्या वरच्या वर्गांतील चार-पांच विद्यार्थी मधल्या सुटींत एका कागदाभोंवतीं डोकीं भिडवून बसलेले आम्हांस दिसूं लागले. कागदावर खेळाडूंचीं नांवें, वयें व कांहीं आंकडे मांडलेले असत. चौकशी करतां समजलें कीं, हा सारा खटाटोप 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' नांवाच्या संगणकावरील खेळाचा आहे. मार्कुस हाइनझोन या जर्मन गृहस्थानें तो १९९९ सालीं प्रथम प्रसिद्ध केला. त्यांत चेंडू मारावयाचा नसतो कीं धांवावयाचेंही नसतें. खेळणारानें एका संघाचा कारभारी व्हावयाचें, खेळाडू नेमावयाचे, चढवावयाचे, सोडावयाचे. सामन्यांचा निकाल संगणक आंकडेमोड करून लावतो. एका पालकांनीं आम्हांस हंसत विचारलें, "सर, आमचा मुलगा जेवतांना आईला विचारतो, 'वयोमर्यादा तेवीस ठेवूं कीं चोवीस?' हा खेळ आहे कीं कचेरी?" प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर देण्यासाठींच हा लेख लिहीत आहों.

अमेरिकेंतील धंदेवाईक बेसबॉलमध्यें सर्वांत वरच्या संघांच्या स्पर्धेस मेजर लीग म्हणतात. तींत तीस संघ आहेत. प्रत्येक संघाच्या हाताखालीं नवशिक्या खेळाडूंचे दुय्यम संघ असतात, व त्यांच्या स्पर्धांना मायनर लीग हें नांव आहे. ही एक शिडीच समजावी. तळाची पायरी रूकी. तिच्यावर सिंगल-ए, मग हाय-ए, मग डबल-ए आणि शेवटीं ट्रिपल-ए. २०२१ सालीं या व्यवस्थेची फेररचना झाली, तेव्हां वरच्या चार पायऱ्यांवर दर संघास चार याप्रमाणें एकशें वीस दुय्यम संघ ठेवण्यांत आले. ही पद्धत पसरविण्याचें श्रेय मुख्यतः ब्रँच रिकी या चतुर व्यवस्थापकाकडे जातें. सेंट लुइस येथील संघाजवळ तयार खेळाडू विकत घेण्यास पैसा नव्हता, म्हणून १९२० नंतरच्या दशकांत त्यानें आपले खेळाडू आपणच वाढविण्यास आरंभ केला.

आतां मुद्याकडे वळूं. या खेळांत ज्यास आपली स्वतंत्र लीग उभारावयाची आहे, त्याला प्रत्येक पायरीवर कोण खेळूं शकेल हें ठरवितां येतें. मुख्य मापें दोन आहेत. एक वयाचें, अमुक वर्षांहून मोठा खेळाडू या पायरीवर नको. दुसरें अनुभवाचें, अमुक वर्षें धंदेवाईक खेळलेला खेळाडू येथें नको. हीं दोन मापें वरवर सारखींच वाटतात, आणि आमचा सर्वांचा घोटाळा नेमका येथेंच झाला.

'सर्वांचा' असें मुद्दाम म्हणतों. विद्यार्थ्यांनीं रूकी पायरीची वयोमर्यादा एकोणीस ठेवावी कीं काय असें आम्हांस विचारलें, आणि शाळेंतील इयत्तांचा हिशेब डोक्यांत असल्यामुळें आम्हींही बेलाशक होकार दिला. लहानांच्या वर्गांत मोठीं मुलें कशाला? परिणाम एका हंगामांतच दिसला. संगणकानें चालविलेल्या संघांनीं वीस वर्षांच्या सर्व खेळाडूंना वरच्या पायरीवर ढकललें. त्यांत कालपरवां करारबद्ध झालेलेही होते. तेथील फलंदाज त्यांना झेपेनात, आंकडे कोसळले, आणि वर्ष संपतां संपतां पुष्कळांना सोडून देण्यांत आलें. त्यांत एक डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होता. एका विद्यार्थ्यानें त्याला स्वतः निवडून आणलें होतें. तो काल्पनिक खेळाडू, संगणकानें रचलेला. परंतु त्या मुलाचा चेहरा त्या दिवशीं पाहण्यासारखा नव्हता. "सर, त्याला एकही वर्ष मिळालें नाहीं," एवढेंच तो म्हणाला.

त्याचें म्हणणें बरोबर होतें, हें एका खऱ्या उदाहरणावरून दिसेल. २००८ सालीं आपल्या देशांत जोरानें चेंडू फेकणारांची एक स्पर्धा झाली. ती जिंकणारा रिंकू सिंग हा उत्तर प्रदेशांतील भालाफेक करणारा तरुण. त्यापूर्वीं त्यानें बेसबॉल खेळलेला नव्हता. त्याच वर्षीं पिट्सबर्ग पायरेट्स या संघानें त्याला व दिनेश पटेल या दुसऱ्या तरुणाला करारबद्ध केलें, आणि २००९ सालीं दोघेही फ्लॉरिडांतील रूकी पायरीवर खेळले. १९८८ सालीं जन्मलेला रिंकू तेव्हां विशीचा होता, पण अनुभव शून्य. आमच्या एकोणीसच्या नियमानें त्याला पहिल्या दिवशींच दार बंद झालें असतें. प्रत्यक्षांत तो २०११ सालीं सिंगल-ए पायरीपर्यंत चढला. वय सांगतें कीं शरीर किती वाढलें. अनुभव सांगतो कीं शिकवण किती मिळाली. खालच्या पायरीवर दुसरें माप अधिक कामाचें. तेथें वयाची मर्यादा सैल व अनुभवाची आवळ ठेवावी, असें आमचें मत झालें आहे.

मग मर्यादा अजिबात नसाव्यात काय? तसेंही नव्हे. जागा मोजक्या असतात. २०२४ पासून एका संघास हंगामांत मायनर लीगमधील आपले देशांतर्गत खेळाडू १६५ हून अधिक ठेवतां येत नाहींत. नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेऱ्या २०२१ पासून वीस आहेत. त्यांतून वीसजण आले व परदेशीं शिकलेले आणखी दहा आले असें धरूं. १६५ ला ३० नीं भागिलें तर साडेपांच येतात. म्हणजे सरासरीनें एका खेळाडूस सबंध शिडीवर मिळून साडेपांच वर्षें उभें राहतां येईल. पांच पायऱ्यांवर प्रत्येकीं तीन वर्षें दिलीं तर पंधरा होतात, आणि यादी फुगून जाते. एकेकच वर्ष दिलें तर जागा रिकाम्या पडतात. मुलांनीं हा भागाकार फळ्यावर केला, तेव्हां गणिताच्या तासाला सहसा गप्प बसणारेही बोलूं लागले.

ट्रिपल-ए पायरीवर मात्र वयाचें बंधन घालूं नये. वरच्या संघांतील कोणी जायबंदी झाला तर दुसऱ्या दिवशीं उभा करावयास पस्तिशीचा अनुभवी माणूस तेथेंच हातीं लागतो.

शिडीवर फार काळ अडकून पडलेल्या खेळाडूचें काय, हा प्रश्न उरतो. खऱ्या बेसबॉलमध्यें त्यासाठीं 'रूल फाइव्ह' नांवाची निवड आहे. अठरा वर्षांचा किंवा त्याहून लहान असतांना करार केलेल्या खेळाडूस पांच हंगामांनंतर, व मोठ्या वयांत केलेल्यास चार हंगामांनंतर, मालक संघानें आपल्या चाळीसजणांच्या मुख्य यादींत घ्यावें लागतें. न घेतल्यास दुसरा संघ त्याला उचलूं शकतो. मात्र उचलणारानें त्याला पुढील सबंध हंगाम मेजर लीगमध्येंच ठेवावयाचें, नाहीं तर परत देऊं करावयाचें. संगणकाच्या खेळांतही हा नियम चालू किंवा बंद करतां येतो. विद्यार्थ्यांनीं 'कटकट नको' म्हणून तो बंद ठेवला होता.

त्यांना आम्हीं रॉबर्तो क्लेमेंते याची हकीकत सांगितली. १९५४ सालीं ब्रुकलिन डॉजर्सनें पोर्टो रिकोच्या या तरुणाला दहा हजार डॉलर बक्षीस देऊन घेतलें. त्या काळीं चार हजारांहून अधिक रक्कम दिलेला नवा खेळाडू मुख्य संघांत न ठेवल्यास तो इतरांस खुला होई. ब्रुकलिननें त्याला माँट्रिऑलच्या दुय्यम संघांत ठेविलें. नोव्हेंबरांत पिट्सबर्गनें त्याला उचललें. तेव्हां पिट्सबर्गचा कारभार पाहत होता तो हाच ब्रँच रिकी! क्लेमेंते पुढें अठरा हंगाम तेथेंच खेळला, बरोबर तीन हजार हिट त्याच्या नांवावर लागल्या, आणि ३१ डिसेंबर १९७२ रोजीं निकाराग्वांतील भूकंपग्रस्तांस मदत घेऊन जातांना विमान अपघातांत तो मरण पावला.

दुसऱ्या दिवशीं मुलांनीं तो नियम चालू केला. रूकी पायरीवर वयोमर्यादा तेवीस व अनुभव तीन वर्षें; त्यावरील दोन पायऱ्यांवर वय अनुक्रमें पंचवीस व सव्वीस, डबल-ए व ट्रिपल-ए मोकळ्या. हे आंकडे कांहीं अंतिम नव्हेत. दोन हंगाम चालवून ते पुन्हा पाहावयाचे ठरलें आहे. डावखुरा पिचर मोकळाच होता. त्याला पुन्हा करारबद्ध करून रूकी पायरीवर पाठविलें आहे, आणि त्या विद्यार्थ्याच्या कागदावर त्याचें नांव आतां तांबड्या शाईनें लिहिलेलें असतें.