खुंट्या पिळणारे यंत्र

तंबोऱ्याची खुंटी केव्हा पिळावी? तार बेसूर लागेल तेव्हाच. सुरात असलेल्या तारेला उगाच हात लावू नये, हे मी शिकवणीच्या मुलांना रोज सांगतो. हाच नियम एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने यंत्राला घालून दिला होता, हे वाचून मला मोठी गंमत वाटली.

डॉ. फ्रँक रोझेनब्लॅट हे त्यांचे नाव. बफेलो येथील कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत १९५७ साली त्यांनी ‘परसेप्ट्रॉन’ची कल्पना मांडली. जुलै १९५८ मध्ये आयबीएम ७०४ ह्या अवाढव्य गणकयंत्रावर तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. कोणत्या पत्त्यावर डावीकडे खूण आहे आणि कोणत्यावर उजवीकडे, हे यंत्र सुमारे ५० प्रयत्नांत ओळखू लागले. वर्तमानपत्रांनी लगेच छापले की, हे यंत्र पुढे चालेल, बोलेल, लिहीलसुद्धा! आरंगेत्रमाआधीच मैफलीची जाहिरात करण्याचा हा सोस आपल्याकडेही काही कमी नाही.

पुढे बांधलेले मार्क-१ यंत्र मला अधिक मोलाचे वाटते. त्याचा डोळा म्हणजे वीस ओळींत वीस-वीस, अशा ४०० प्रकाशविद्युत् घटांची चौकट. तिच्यासमोर अक्षर धरले की संदेश मधल्या ५१२ घटकांकडे जात. त्यांतल्या कोणाच्या मताला किती वजन द्यायचे, हे रेडिओचा आवाज कमीजास्त करणाऱ्या बटनासारख्या बटनांवर ठरे. उत्तर बरोबर आले तर सारे जागच्या जागी. चुकले तर विजेच्या मोटारी ती बटने जराशी फिरवीत. खुंट्याच त्या!

उत्तर ह्या खुंट्यांच्या आवाक्यातले असेल, तर मोजक्या चुकांनंतर ते सापडलेच पाहिजे, असे गणिताने सिद्ध झाले. पण आवाक्यातले नसेल तर? मग खुंट्या जन्मभर फिरत राहणार. शिक्षकाने हे वाक्य दोनदा वाचावे.

१९६९ साली मार्व्हिन मिन्स्की आणि सीमोर पेपर्ट ह्यांनी नेमके ह्यावर बोट ठेवले. प्रत्येक घटक चित्राचा लहानसा तुकडाच पाहत असेल, तर आकृती अखंड आहे की तुटलेली, हेही अशा एकपदरी यंत्राला सांगता येत नाही. भूप आणि देशकार ह्यांचे पाचही स्वर तेच. एकेका स्वराची हजेरी घेऊन राग हाती लागत नाही, कोणता स्वर कोणाचा हात धरून येतो ते पाहावे लागते.

ह्या पुस्तकानंतर परसेप्ट्रॉनकडचा ओघ बराच आटला. ११ जुलै १९७१ रोजी, आपल्या ४३व्या वाढदिवशी, रोझेनब्लॅट नौकेच्या अपघातात गेले. आतल्या पदरांतील खुंट्यांपर्यंत चुकीचा वाटा कसा पोहोचवावा, हे रुमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स ह्यांनी दाखवून दिले ते १९८६ साली. आजची बोलती-लिहिती यंत्रे त्याच वाटेने शिकली आहेत. खुंट्या मात्र आता अब्जांनी मोजाव्या लागतात.