जुन्या स्कूटरला क्लच कोणता?



कडगंचीहून कलबुर्गीकडे जाणाऱ्या आळंद रस्त्यावर थोडा वेळ उभे राहिल्यास स्कूटरचा अर्धा इतिहास डोळ्यांपुढून जातो. 2009 मध्ये स्थापन झालेल्या कर्नाटक केंद्रीय विद्यापीठाकडे जाणाऱ्या नव्या विजेच्या गाड्या आवाज न करता सरकतात; त्यांच्यामागून तुरीचे पोते पायाशी ठेवलेला एखादा जुना चेतक फटफट करीत येतो. असाच एक चेतक आमच्या घरी आहे. माझ्या वडिलांनी तो 1984 साली कारवारला घेतला आणि माझ्या नोकरीबरोबर तो या काळ्या मातीच्या प्रदेशात आला. मी कला शाखेची पदवीधर. यंत्रशास्त्राशी माझा संबंध नाही. परंतु या स्कूटरने मला एक धडा शिकवला, तो तुम्हांस सांगावयाचा आहे.

प्रथम तिचे कूळ पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 साली, इटलीतील पियाजो कंपनीने वेस्पा ही स्कूटर बाजारात आणली. तिचा रचनाकार कोर्रादिनो दास्कानिओ हा मूळचा विमाने व हेलिकॉप्टर यांचा अभियंता होता. पुढे पियाजोच्या परवान्याने बजाज कंपनी भारतात वेस्पा बांधू लागली. तो करार 1971 मध्ये संपला आणि 1972 मध्ये महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक रस्त्यावर आला. पुण्याजवळील आकुर्डीच्या कारखान्यातून निघणाऱ्या या स्कूटरसाठी लोक नाव नोंदवून कित्येक वर्षे वाट पाहात. 2009 च्या सुमारास बजाजने स्कूटर बांधणे थांबवले. 2020 मध्ये चेतक हे नाव परत आले, पण विजेच्या गाडीवर. तिला क्लच दाबावाच लागत नाही.

आता आमची हकीकत. धाकट्या भावाला बाबांची स्कूटर अधिक वेगाने धावावी असे वाटले. त्याने एका मिस्त्रीकडून सिलिंडर मूळचाच ठेवून त्यातील वायूच्या वाटा रुंद करवून घेतल्या. कार्ब्युरेटर व सायलेन्सरही बदलले. आठवडाभर सारे आनंदात होते. एके दिवशी आईला मागे बसवून तो कलबुर्गीस निघाला असता चढावर इंजिन मोठ्याने गर्जू लागले, पण गाडी पुढे जाईना. मागून मालमोटार कर्णा वाजवीत येत होती. आई उतरली, गाडी कडेला ओढली, म्हणून अनर्थ टळला.

असे का व्हावे? इंजिन सतत फिरत असते. चाक मात्र कधी फिरावे लागते, कधी थांबावे लागते. या दोहोंना जोडणारा व तोडणारा दुवा म्हणजे क्लच. एका डबीत अस्तर लावलेल्या प्लेटा आणि पोलादी प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात. स्प्रिंगा त्यांना घट्ट आवळून धरतात, तेव्हा घर्षणामुळे सर्व प्लेटा एकत्र फिरतात. हाताने दांडी दाबली की स्प्रिंगा दबतात, प्लेटा सुटतात आणि इंजिन एकटेच फिरू लागते. इंजिनाचा पीळ प्लेटांच्या पकडीहून वाढला, तर दांडी न दाबताही प्लेटा घसरतात. त्या तापतात, अस्तर जळते आणि पकड आणखी कमी होते. आमच्या गाडीचे हेच झाले होते.

पकड चार गोष्टींवर अवलंबून असते : अस्तराचे घर्षण, स्प्रिंगांचा दाब, प्लेटांचा व्यास आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. समजा, दोन्ही बाजूंनी अस्तर असलेल्या 3 प्लेटा आहेत. म्हणजे पृष्ठभाग 6 झाले. त्याच दाबाने 4 प्लेटा आवळल्या, तर पृष्ठभाग 8 होतात व पकड एकतृतीयांशाने वाढते. स्प्रिंगांचा दाब एकतृतीयांशाने वाढवला तरी फळ तेच. मग अडचण कोठे आहे?

अडचण आमच्या दारी लगेच आली. मिस्त्रीने सर्वांत कडक स्प्रिंगा बसवल्या. क्लच घसरणे थांबले. परंतु दुसऱ्याच दिवशी कलबुर्गीच्या एका चौकात मला दांडी पुरती दाबता येईना. या जातीच्या स्कूटरीत क्लचची दांडी डाव्या हातात आणि गिअरही त्याच मुठीत असतो. एकाच हाताने दाबावयाचे आणि फिरवावयाचे. माझी बोटे सुटली, गाडीने पुढे उडी घेतली आणि पादचाऱ्यांपासून वीतभर अंतरावर बंद पडली. सुदैवाने कोणास लागले नाही. बाबांनी सारे ऐकले आणि आमच्या कोकणीत एकच शब्द उच्चारला : “सवकास.” म्हणजे सावकाश.

तेव्हापासून मी या विषयाचा अभ्यास केला. कडक स्प्रिंगांचा त्रास हातापुरता नसतो. वेस्पाच्या वंशात क्लच थेट क्रँकच्या टोकावर बसतो. दांडी दाबताना पडणारा रेटा क्रँकच्या बेअरिंगलाही सोसावा लागतो. चौथी प्लेट घालावी, तर डबीतील जागा तेवढीच. म्हणून प्रत्येक प्लेट पातळ करावी लागते. पातळ प्लेटांमध्ये सुटण्यास अंतर कमी उरते. दांडी दाबूनही त्या एकमेकींस चिकटून राहतात आणि गिअर कुरकुरत पडतो. त्यातच वाढलेल्या वेगामुळे डबीच्या कापलेल्या कडा बाहेर फाकू पाहतात. म्हणून सुधारलेल्या इंजिनाच्या डबीला भोवती पोलादी कडे असलेले बरे.

निवडीचा क्रम म्हणून असा ठेवावा. आधी क्लचची वायर पाहावी. ती ताणलेली असेल तर चांगला क्लचही घसरतो. मग तेल पाहावे. वेस्पात साधारण पाव लिटर एसएई 30 तेल लागते आणि क्लच त्याच तेलात भिजलेला असतो. मोटारीसाठी असलेल्या काही आधुनिक तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ती येथे घातक ठरतात. त्यानंतर झिजलेल्या प्लेटा व थकलेल्या स्प्रिंगा बदलाव्या. इंजिनाची ताकद थोडीच वाढली असेल, तर मूळ पद्धतीच्या नव्या प्लेटा आणि किंचित कडक स्प्रिंगा पुरतात. ताकद बरीच वाढली असेल, तर चार प्लेटांचा संच घ्यावा. त्याहून पुढे जावयाचे, तर नुसत्या स्प्रिंगा आवळीत न बसता मोठ्या व्यासाचा क्लच शोधावा. मात्र त्याच्या दातेरी चाकाचे दात आपल्या गिअरच्या चाकाशी जुळतात की नाही, हे आधी तपासावे. लँब्रेटाचे गणित वेगळे आहे. तिचा क्लच साखळीच्या पलीकडे, मंद गतीने फिरतो. त्यामुळे इंजिनाचा पीळ वाढूनच त्याच्यापर्यंत पोहोचतो. एकीचा उपाय दुसरीला लागू करू नये.

येथे कायद्याचीही जाणीव ठेवावी. इंजिनाचे आकारमान नोंदणीच्या कागदावर लिहिलेले असते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदीशी विसंगत असा फेरफार मालकाला मनमानीने करता येत नाही. आणि गिअरची स्कूटर चालवण्यास 18 वर्षे पूर्ण व्हावी लागतात, हे तुम्हां मुलांनी विसरू नये.

अखेर आम्ही कडक स्प्रिंगा काढल्या. नव्या तीन प्लेटा, मूळच्याहून थोड्याच कडक स्प्रिंगा, कडे बसवलेली डबी आणि योग्य तेल एवढ्यावर काम भागले. भावाला प्रथम हे कमी वाटले. मी त्याला आईला मागे बसवून त्याच चढावर जाण्यास सांगितले. गाडी न घसरता चढून गेली. वर पोहोचल्यावर त्याने दोन बोटांनी दांडी दाबली आणि गाडी हलकेच थांबली. घट्ट धरणे हा क्लचचा अर्धाच गुण आहे. वेळेवर सोडता येणे हा उरलेला अर्धा. क्लच निवडताना आपण बहुधा पहिल्याकडे पाहतो. चौकात उभ्या असलेल्या माणसाचे प्राण मात्र दुसऱ्यावर अवलंबून असतात.