मोघम शब्दाची किंमत

मावळ तालुक्याची कचेरी वडगावला. आंदर मावळ, पवन मावळ, नाणे मावळातून माणसे एक दिवसाची मजुरी बुडवून येथे येतात. परत जाताना हाती काय? "बघू", "होऊन जाईल", "कागद वर गेलाय." वर म्हणजे कुठे? कोणाकडे? आपण विचारत नाही, म्हणून कोणी सांगत नाही.

मोघम शब्द ज्याच्या हाती सत्ता असते त्याच्याच उपयोगी पडतो, हे आमच्या समाजाला नव्याने सांगायला नको. महार वतनात काम कोणते, किती तास, कोणासाठी, याला हद्दच नव्हती. घरचा कर्ता नसेल तर दुसऱ्याने जायचे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या बेहिशेबी राबणुकीविरुद्ध.

पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने संपली. जमिनी पुन्हा वतनदारांच्या नावे झाल्या, पण एक अट राहिली: जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही. सातबारावर ही अट 'भोगवटादार वर्ग २' किंवा 'नवीन शर्त' एवढ्या दोन शब्दांत असते. नाव आपले आहे एवढेच आपण पाहतो. 'इतर हक्क' हा रकाना मात्र कोणी वाचत नाही. बोजा आणि निर्बंध तेथेच लिहिलेले असतात.

आज महामार्गालगत जमिनीला सोन्याचा भाव आहे. दलाल म्हणतो, "नुसती सही करा, फॉर्म्यालिटी आहे." तो कागद विसार पावती आहे, साठेखत की खरेदीखत? साठेखताने मालकी जात नाही, खरेदीखताने जाते. खास मुखत्यारपत्र ठरावीक कामापुरते असते. कुलमुखत्यारपत्र देणारा आपले हातच दुसऱ्याला देऊन बसतो.

याच वडगावात जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांनी मराठ्यांशी तह केला. पुढे वॉरन हेस्टिंग्जने तो धुडकावला. म्हणे, सही करणाऱ्यांना अधिकारच नव्हता! तेव्हा समोरच्याला सहीचा अधिकार आहे का, हेही पाहावे.

आमचे सांगणे थोडेच आहे. कागद घरच्या शिकलेल्या मुला-मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. जेथे शब्द कळला नाही तेथे थांबा. घरातल्या बायांनाही ऐकवा; वारसात त्यांचेही नाव असते. कोरी जागा ठेवून सही किंवा अंगठा देऊ नका. कचेरीत अर्ज दिला की पोच घ्या, तारीख लिहून घ्या. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिली आहे, ती विचारा. तोंडी उत्तर मिळाले तर म्हणा, "साहेब, हेच लेखी द्या."

असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. "वर गेलाय" ऐकून मुकाट्याने एस.टी. पकडण्याचे दिवस आता संपले पाहिजेत.