एलव्हीएम: डिस्कच्या जागेचे लवचीक नियोजन

संगणकाच्या हार्ड डिस्कचे विभाग पाडताना पुढील गरजेचा अंदाज बांधावा लागतो, आणि तो बहुधा चुकतो. एक विभाग भरून जातो, शेजारचा रिकामा पडून राहतो. लिनक्स प्रणालीत यावर ‘लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजमेंट’, अर्थात ‘एलव्हीएम’, हा उपाय आहे. हाइन्झ माउल्सहागेन यांनी १९९८ मध्ये लिनक्ससाठी त्याची पहिली आवृत्ती लिहिली.

‘पीव्हीक्रिएट’ ही आज्ञा डिस्क एलव्हीएमच्या स्वाधीन करते. डिस्कचे नाव येथे दोनदा तपासावे. चुकीची डिस्क निवडली गेल्यास तिच्यावरील माहिती गमावण्याची वेळ येते. ‘व्हीजीक्रिएट’ने अशा डिस्कचा एक सामायिक गट बनतो आणि ‘एलव्हीक्रिएट’ त्यातून हव्या त्या आकाराचा खंड काढून देते. सारी जागा आरंभीच वाटून टाकण्याचा मोह मात्र आवरावा. गटात शिल्लक असेल, तर ‘एलव्हीएक्स्टेंड’ने खंड पुढे केव्हाही वाढवता येतो, त्यापाठोपाठ फाइल प्रणालीही वाढवावी लागते. खंड लहान करणे जिकिरीचे. तेथे आधी फाइल प्रणाली आणि मगच खंड, हा क्रम चुकला की माहिती गेलीच.

खरा धोका निराळाच आहे. दोन डिस्कवर पसरलेल्या साध्या खंडातील एक डिस्क निकामी झाली, तर दुसरी धडधाकट असूनही फाइल प्रणाली कोलमडते. घरचे हिशेब, करविवरणे, छायाचित्रे अशा खंडावर ठेवणाऱ्याने गटाबाहेरील वेगळ्या डिस्कवर त्यांची प्रत ठेवावी. एलव्हीएमचा ‘स्नॅपशॉट’ ही अशी प्रत नव्हे. तो मूळ खंडावरच विसंबून असतो आणि त्याच्याबरोबरच नाहीसा होतो.