पपनसाचे सरबत

९ नोव्हेंबर १८७४, सोमवार. बडोद्याचे रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर सकाळचा फेरफटका आटोपून परतले. रोजच्याप्रमाणे पपनसाचे सरबत ठेवलेले होते. दोन-तीन घोट घेतले, बरे वाटेना म्हणून उरलेले ओतून दिले. तेव्हा पेल्याच्या तळाशी काळसर गाळ दिसला. तपासणीत त्यात सोमल निघाला आणि हिऱ्याची पूडही. संशय थेट महाराज मल्हारराव गायकवाडांवर गेला.

खलनायक कसा लिहावा, असे कुणी विचारले की मला हा खटला आठवतो. वरवर पाहता सगळी सामग्री हाताशी तयार आहे. सोन्याच्या तोफा ओतवून घेणारा राजा, भावाच्या कारभाऱ्याचा तुरुंगात झालेला मृत्यू, प्रजेच्या तक्रारींचा ढीग आणि वर विष. नाटककारांना धीर धरवला नाही. १८७५ सालीच अमृतलाल बसूंचे ‘हीरकचूर्ण’ बंगालीत आले आणि मराठीत नारायण बापूजी कानिटकरांनी मल्हाररावांवर नाटक लिहिले. पण एवढ्या सामग्रीतून राक्षस तयार होतो, माणूस होत नाही. माणूस हवा असेल तर पादरा गावापर्यंत मागे जावे लागते.

थोरले बंधू खंडेराव महाराज यांना आपल्या जिवावर उठल्याचा संशय आला आणि त्यांनी मल्हाररावांना पादरा येथे कैदेत टाकले. १८७० च्या नोव्हेंबरात खंडेराव वारले आणि कैदी उठून गादीवर बसला. तेही निर्धास्तपणे नाही. खंडेरावांच्या विधवा जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला तर गादी त्याची. पुढच्या वर्षी मुलगी झाली तेव्हा कुठे मल्हाररावांचा जीव भांड्यात पडला असेल. इतके महिने दुसऱ्याच्या बाळंतपणाकडे डोळे लावून बसलेला राजा! त्याचा क्रूरपणा मी माफ करत नाही. पण या भीतीशिवाय तो लिहिला, तर वाचक त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही.

आता त्याच्यासमोर फेअर उभे करा. हा गृहस्थ लाचखाऊ नव्हता. रयतेच्या तक्रारी त्यांनी मनापासून ऐकल्या, आणि मग त्यांना दुसरे काही दिसेनासे झाले. दिवाण म्हणून आलेले दादाभाई नौरोजी कारभार सुधारू पाहत होते, तर फेअर त्यांच्याही वाटेत आडवे येत. महाराजांच्या बाजूने गोष्ट सांगा, म्हणजे खलनायक फेअरच ठरतात. दोघांनाही आपलेच खरे वाटते, हा या कथेचा कणा आहे.

त्याहून मोलाची आहे ती तारीख. २ नोव्हेंबरला महाराजांनी व्हाइसरॉयला खलिता पाठवून फेअरना बदलण्याची रीतसर विनंती केली होती. सरबताचा प्रकार त्यानंतर आठवड्याने घडला. लंडनहून आलेले त्यांचे वकील सार्जंट बॅलंटाइन यांचा भर यावरच होता: शत्रूला कायद्याने हटवू पाहणारा माणूस विष कशाला घालेल? लेखकाने मात्र दोन्ही गोष्टी एकाच मनात ठेवून पाहाव्यात. अर्जही खरा, सोमलही खरा, कारण आठ दिवस थांबणे त्या मनाला झेपत नाही. पुढे काही आठवड्यांत फेअर खरोखरच हलवले गेले आणि सर लुई पेली आले. थांबला असता तर जिंकला असता, अशा जागी केलेला गुन्हा वाचकाला झोंबतो.

आणि हातही लागतात. राजा स्वतः पेल्यात पूड कालवायला जात नाही. रेसिडेन्सीतला हवालदार रावजी कबुली देतो, त्याच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडते, ती पोलिसांनीच ठेवली असावी असे बॅलंटाइन सुचवतात. महाराजांचे खासगी कारभारी दामोदरपंत माफीचे साक्षीदार होतात. आपल्या कादंबऱ्यांत ही मधली माणसे फार पातळ असतात. खलनायकाची सत्ता किती खोल गेली आहे, हे त्यांच्याच घाबरण्यातून कळते.

१८७५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सहा जणांच्या आयोगापुढे चौकशी झाली. कौच, मीड आणि मेलव्हिल या तिघा इंग्रजांना आरोप खरा वाटला. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे यांना तो सिद्ध झालेला वाटला नाही. तीन-तीन. सरकारने एप्रिलमध्ये महाराजांना पदच्युत केले, पण कारण दिले गैरकारभाराचे. त्यांना मद्रासला नेण्यात आले आणि १८८२ साली तिथेच ते वारले. वाचकाच्या मनातला आयोग असाच दुभंगला पाहिजे, आणि त्यासाठी लेखकाने फिर्यादी व वकील ही दोन्ही कामे सारख्याच जिवाने केली पाहिजेत.

मला यातले एकच दृश्य लिहायला मिळाले तर मी पेला लिहिणार नाही. सोमवार आणि गुरुवार हे महाराजांचे रेसिडेन्सीत जाण्याचे ठरलेले दिवस होते. त्या सोमवारीही ते गेले. समोर फेअर बसलेले, जिवंत. प्रकृतीची चौकशी करायची, हवापाण्याबद्दल बोलायचे, आणि हा माणूस किती प्यायला, हे विचारायचे नाही.